दोन माणसांचं गेट

सकाळी दहाला पाच मिनिटं कमी असताना आमच्या आळीत तीन शिट्ट्या वाजत. लांबलचक, मध्ये श्वास घेण्यापुरती उसंत देऊन. नवखा माणूस दचकून रस्त्याच्या कडेला सरके. एकदा तर एक कल्हईवाला पेटती भट्टी सोडून पळाला होता. जुनी माणसं मात्र मानही वर न करता म्हणत, "नाना गेट उघडतोय."

गेट म्हणजे कॉम्प्युटर. काशिनाथनाना विशे आपल्या घरातला कॉम्प्युटर पुण्यात राहणाऱ्या मुलीसाठी उघडत, आणि त्याआधी ओट्यावर येऊन शिट्टी वाजवत. इंटरनेट चालू करण्यापूर्वी गावाला सावध करणारा माणूस मी आयुष्यात हा एकच पाहिला. ती सगळी व्यवस्था मी बसवून दिली होती, हे इथेच सांगून टाकतो. पुढे माझी फजिती येणार आहे, तेव्हा मोठेपणा मिरवायला जागा उरणार नाही.

दोन हजार सहाच्या सुमाराची ही गोष्ट. किन्हवलीच्या नाक्यावर माझा कॉम्प्युटरचा क्लास होता. सहा मशिनं, त्यातली चार चालणारी, आणि पंचक्रोशीत माझ्याइतकं कॉम्प्युटरमधलं कळणारा दुसरा कोणी नाही याबद्दल माझी पूर्ण खात्री. नाना माझे शेजारी. बत्तीस वर्षं एका धरणावर गेट ऑपरेटर म्हणून काम करून निवृत्त झालेले. माणूस धरणावरून आला, पण धरण काही त्याच्यातून गेलं नव्हतं.

नाना नळ सोडत तोही मोजून. चहा ओतताना नानींना म्हणत, "पाव गेट दे." पाहुण्यासाठी दार उघडताना आधी चार बोटं उघडत, बाहेर बघत, मग उरलेलं. कुणी घाईघाईनं काही उघडायला गेलं, मग तो लोणच्याचा डबा का असेना, की त्यांचा आवाज येई, "आधी खाली बघ!" डब्याच्या खाली काय बघायचं, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. आणि त्यांचं सगळ्यात आवडतं वाक्य होतं, "उघडनं कोनालापन येतं, मास्तर. बंद करनं येयाला पायजे."

रोज सकाळी साडेआठला ते परसातल्या पर्जन्यमापकात किती पाऊस पडला ते बघत आणि वहीत लिहीत. उन्हाळ्यातही बघत. भर मे महिन्यात, आकाशात औषधालाही ढग नसताना, वाकून नळकांड्यात डोकावत आणि 'शून्य' लिहीत. मी एकदा म्हटलं, "नाना, शून्य तर आहेच की." तर म्हणाले, "बघितल्याबिगर शून्य नाय लिवायचं. नाय बघितलं तर तो शून्य नाय, ती थाप."

त्यांची मुलगी सुमी पुण्यात नोकरीला लागली आणि आपला जुना कॉम्प्युटर घरी ठेवून गेली. नानांनी पावसाच्या सगळ्या वह्या त्यात उतरवायला घेतल्या, एका बोटानं. रोज काहीतरी गडप व्हायचं. जुलैचा पाऊस फेब्रुवारीत जाऊन पडायचा. सुमी फोनवरून समजावून समजावून थकली आणि शेवटी मला म्हणाली, "सर, मला पुण्यातून घरचा कॉम्प्युटर चालवता येईल असं काहीतरी करून द्या. पण नीट करा हं, बाबांना सगळं पटायला हवं."

मी छाती पुढे काढून गेलो. ब्रॉडबँड नुकतंच आलं होतं. नानांना समोर बसवलं आणि म्हटलं, "सोपं आहे. या डब्याला बरेच दरवाजे असतात. त्यातला एक सुमीसाठी उघडायचा."

नाना सरसावून बसले. दरवाजे म्हणजे त्यांचा विषय. "दरवाजे किती?"

"पासष्ट हजारांच्या वर."

नाना उठले. आत जाऊन तांब्याभर पाणी प्यायले. परत येऊन हळू आवाजात म्हणाले, "आनि वाचमन किती?"

त्या प्रश्नाचं उत्तर आजही जगात कुणाकडे नसावं. मी सांगितलं की सगळे दरवाजे बंदच असतात, एकच उघडायचा, आणि तोही ज्या नंबरावर चोर आधी जातात तो सोडून भलताच. नानांनी आपल्या धरणावरच्या जुन्या विजेरीच्या बुडाशी खात्यानं रंगवलेला नंबर वाचून दाखवला, आणि तोच दाराचा नंबर ठरला. मग मी सुमीसाठी एक चावी बनवली. चावी म्हणजे एक छोटीशी फाइल. ती ज्या कॉम्प्युटरवर असेल त्यालाच आत घेतलं जाणार. म्हटलं, ईमेलनं पाठवतो. नानांनी माझ्याकडे डोळे मोठे करून पाहिलं. "किल्ली टपालानं पाठवतं काय कोन?" सुमी पुढच्या रविवारी एसटीनं आली, आणि नानींनी पेनड्राइव्ह रुमालाच्या कोपऱ्यात गाठ मारून तिच्या पर्समध्ये ठेवला. परत जाताना ती गाठ चाचपून बघण्यासाठी नानांनी एसटी दोन मिनिटं थांबवली. कंडक्टर ओळखीचा होता.

एवढ्यावर काम संपलं असं मला वाटलं. नाना म्हणाले, "आता दुसरा मानूस."

"कोण दुसरा माणूस?"

"मास्तर, गेट एका मानसानं उघडायचं नसतं. पॅनलची किल्ली एकाकडं, आनि खाली बघनारा दुसरा. त्यानं सांगितल्याबिगर बटन दाबायचं नाय. एकटा मानूस चुकतो. एकटा मानूस पितो. एकट्या मानसाला झोप येते."

शेवटी असं ठरलं. घरचा कॉम्प्युटर सुमीसाठी उघडायचा तर आधी इथे पासवर्ड टाकायचा. तो टाकला की तासभर दार उघडं राहणार आणि मग आपोआप बंद होणार. त्या पासवर्डचे दोन भाग. पहिला भाग नानांचा. दुसरा भाग लहानूचा.

लहानू हा नानांचा धरणावरचा सोबती. तानशाच्या जंगलाकडेला एका पाड्यावर राहणारा, कॉम्प्युटर कशाशी खातात हे माहीत नसलेला, नानांहून दोन वर्षांनी मोठा. धरणावर भोंगा वाजवायचा आणि पुलावर उभं राहून खाली नदीच्या पात्रात कुणी नाही ना ते बघायचं, हे त्याचं काम. कुणी नसलं की तो हात वर करून ओरडायचा, "नदी मोकली!" मग नाना बटण दाबायचे.

"पण नाना, लहानूच कशाला?" मी विचारलं. "नानी आहेत की घरात."

नाना म्हणाले, "एकदा भोंगा झाला, पंधरा मिन्टं झाली, माजं बोट बटनावर. आनि हा वरडंच ना. मी म्हनलं, लहान्या, झोपलास काय रे? तर म्हनतो, थांब नाना, कातलावर कायतरी हाय. मला तर कातलावर कातलच दिसं. हा धावत खाली गेला. म्हातारी होती, गोधडी धुवत बसलेली. ठार बहिरी. भोंगा तिला काय ऐकू येनार?" त्यांनी आपल्या उजव्या हाताचं बोट माझ्यासमोर धरलं. "ह्या बोटावर बाईचा जीव गेला असता. त्याच्यामुलं नाय गेला."

लहानूचा शब्द ठरला 'खेकडा'. नानांनी त्याला आपला जुना मोबाइल देऊन टाकला. पाड्यावर रेंज फक्त खळ्याच्या एका टोकाला यायची, म्हणून लहानू रोज दहाला तिथे जाऊन उभा राहायचा. दहाच का, तर अकराला आमच्याकडची वीज जायची. इकडे शिट्ट्या झाल्या की नानी कॉम्प्युटरपुढचा पसारा आवरत, केसांवरून हात फिरवत, पदर नीट घेत. मी त्यांना समजावलं, "नानी, सुमीला तुम्ही दिसत नाही. कॅमेराच नाहीये." नानी म्हणाल्या, "नाय दिसली तर नको दिसू दे. पन पोरगी घरात येते ना?"

मग नाना फोन लावत. "लहान्या, बोल."

"खेकडा!" हे फोन कानापासून हातभर लांब असला तरी ऐकू येई. लहानूचा आवाज पुलावर कमावलेला होता. त्यामुळे आमच्या आळीतल्या शेंबड्या पोरालाही पासवर्डाचा अर्धा भाग माहीत होता, पण ते मी नानांच्या लक्षात आणून दिलं नाही.

"बरोबर हाय. उघडतो." नाना एका बोटानं टाइप करत, आणि पुण्याहून सुमी आत येई. पडद्यावरचा बाण आपसूक फिरायला लागे, फेब्रुवारीत पडलेला पाऊस उचलून जुलैत ठेवी. शेवटी ती कोऱ्या पानावर लिही, 'बाबा, जेवणं वेळेवर करता ना?' आणि नाना पाच मिनिटं खपून उत्तर देत, 'हो'.

वर्षभर हे बिनबोभाट चाललं. मग एक दिवस नाना क्लासमध्ये आले. "मास्तर, पासवर्ड बदलायचाय. लहान्याचा भाग. आता 'चिंबोरी' कर."

मी खूश झालो. पासवर्ड मधूनमधून बदलावा, हे मीच त्यांना सांगितलं होतं. वर्गातल्या पोरांना उभं करून म्हटलं, "बघा. सत्तरीचा माणूस पासवर्ड बदलतोय. आणि तुम्ही आपलंच नाव पासवर्ड म्हणून ठेवता." खेकड्याची चिंबोरी केली म्हणजे जनावर तेच ठेवून फक्त नाव बदललं, हे त्या वेळी माझ्या ध्यानात आलं नाही.

तीन महिन्यांनी 'चिंबोरी' जाऊन 'मासा' आला. मग दीड महिन्यात 'जाळं'. मग 'डोह'. पावसाळा संपेपर्यंत आठवड्याला एक पासवर्ड व्हायला लागला. मी माझ्या शिकवण्याचं फळ म्हणून मित्रांना हे सांगत फिरत होतो. शहापूरच्या एका बँकेतल्या ओळखीच्या साहेबांनाही ऐकवलं, "तुमच्याकडे नसेल एवढी शिस्त आमच्या नानांकडे आहे."

पण एका आठवड्यात तिसऱ्यांदा बोलावणं आलं, आणि नेमकी क्लासमध्ये परीक्षा चालू होती. मी वैतागून गेलो. नाना कॉम्प्युटरसमोर बसले होते. फोन हातात तसाच.

"नाना, पुरे आता. इतक्या वेळा बदलायची काही गरज नसते. परवाच 'होडी' केला ना? काय वाईट आहे त्याच्यात?"

"'वल्हं' कर."

"पण का?"

नाना माझ्याकडे न बघता म्हणाले, "कारन तो वल्हं म्हनला. आनि मी बरोबर हाय म्हनून बसलोय. आता ते बरोबर कर."

मी खुर्ची ओढून बसलो. सगळं कळायला मला तेवढा वेळ लागला. पंचक्रोशीतला एकमेव जाणकार!

लहानू विसरायला लागला होता. पहिल्यांदा चिंबोरी म्हणाला तेव्हा नानांना वाटलं, चालायचंच. मग मासा म्हणाला. नानांना खरा शब्द पाठच होता. तो टाकून दार उघडणं त्यांच्या हातात होतं. मी तसं म्हणालोही. नाना एकदम तापले.

"मी माज्या मनानं टाकला तर दुसरा मानूस कशाला? बत्तीस वर्सं त्यानं सांगितल्याबिगर बटन नाय दाबलं. तो चुकला नाय, मास्तर. गेट चुकलं. गेट दुरुस्त कर."

मी गुपचूप गेट दुरुस्त केलं.

पुढच्या रविवारी नानांनी मला स्कूटरवर मागे बसवून पाड्यावर नेलं. प्रत्येक वळणावर थांबून आधी बघत होते, त्यामुळे पोचायला ऊन डोक्यावर आलं. लहानू खळ्याच्या टोकाशी उभा होता. आम्ही घरी येणार हे माहीत असूनही तिथेच उभा. काटक म्हातारा, मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी फडक्यात, फडकं कमरेला.

"तुमीच ते मास्तर? गेट बसवनारं?" त्यानं मला न्याहाळलं. "मजबूत हाय ना? माज्या शब्दाबिगर नाय ना उघडत?"

"नाही उघडत," मी म्हटलं. आणि ते अगदी खरं होतं.

नाना लहानूच्या सुनेनं दिलेलं पाणी प्यायला घराकडे गेले, तेव्हा लहानू माझ्याजवळ सरकला. "मास्तर, तुमाला म्हनून सांगतो. मला भ्या वाटतं. परवा शेली कुठं बांधली ते नाय आठवलं. सुनेचं नाव तोंडात येतं नि जातं. पोरगा म्हनतो, बाबा तुजं डोकं गेलं, तू आता उंबऱ्याबाहेर पडू नको. पन रोज दहाला नाना बरोबर हाय म्हनतो." त्यानं कपाळावर बोट टेकवलं. "नाना खोटं नाय बोलत. म्हंजे हितं अजून दिवा जलतोय."

आपण बसवलेल्या त्या दारातून म्हाताऱ्याचा सगळा धीर रोज ये-जा करतोय, आणि आपण बँकेच्या साहेबासमोर बढाया मारतोय, याची मला लाज वाटली.

त्यानंतर मी परीक्षा असो की पाहुणे असोत, दहाला नानांकडे हजर असे. फोनवरून शब्द येई, नाना "बरोबर हाय, उघडतो" म्हणत, आणि त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी ते खरं करून ठेवी. नानांना खोटं बोलायला लागू नये, एवढंच माझं काम. काठ, वाळू, कातळ, पूल. लहानू कुठे भरकटला तरी नदीच्या आसपासच असायचा. सुमीला मी सगळं सांगितलं होतं. तिकडे तीही चावी घेऊन मुकाट्यानं थांबून राहायची.

मग एक दिवस असा आला की शब्दच आला नाही.

"लहान्या, बोल," नाना म्हणाले. फोनमधून वाऱ्याचा आवाज येत होता. "बोल रे."

मी कीबोर्डवर हात ठेवून बसलो होतो. नानी दारात उभ्या होत्या. तिकडून लहानूचा श्वास ऐकू येत होता. घाबरलेला, भरभर. नाना काही सुचवणार नाहीत, हे मला ठाऊक होतं. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला, खिशातून शिट्टी काढली आणि फोनच्या तोंडाशी धरून वाजवली. एक. दोन. तीन. धरणावर भोंगा होई तशी.

आणि मग तो पुलावरचा आवाज आला, तरणाबांड.

"नदी मोकलीऽऽ!"

नानांचे डोळे भरून आले. ते त्यांनी पुसलेही नाहीत. "बरोबर हाय, लहान्या," ते म्हणाले. "उघडतो."

मी ते अक्षरन् अक्षर टाइप केलं. नाना म्हणाले, "आता हा नाय बदलायचा." पासवर्ड मधूनमधून बदलावा, हे मी त्यांना पुन्हा सांगितलं नाही.

तो शब्द दीड वर्ष टिकला. लहानू नंतर नानांचं नाव विसरला, फोन कसा धरायचा ते विसरला. सून त्याला खळ्यावर नेऊन फोन त्याच्या कानाला लावून उभी राही. पण फोनमधून तीन शिट्ट्या झाल्या की तो हात वर करून तेवढं ओरडायचाच, असं ती सांगे. आणि नाना बरोबर हाय म्हणाले की घरी येऊन पोटभर जेवायचा.

लहानू गेला तो भात कापणीच्या दिवसांत. नानांनी त्याचे दिवस होईपर्यंत शिट्टी वाजवली नाही. आळीत चुकल्याचुकल्यासारखं झालं. लोकांना दहा वाजल्याचं कळेना.

चौदाव्या दिवशी मी आपणहून गेलो. नाना कॉम्प्युटर लावून बसले होते. आपला भाग त्यांनी टाकला होता, आणि पुढे पडद्यावर रेघ नुसती लुकलुकत होती. उरलेला शब्द त्यांना पाठ होता. मलाही पाठ होता. तेवढ्यात सुमीचा फोन आला. "बाबा, मी थांबलेय. उघडताय ना?"

"आज गेट बंद हाय, बाय," नाना म्हणाले. "दुसरा मानूस नाय. तू आपली गाडीनं ये."

मी म्हटलं, "नाना, मी आहे की."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं, दार चार बोटं उघडून बाहेर बघत तसं. "तुला खाली बघता येतं?"

"शिकेन."

त्यांनी सुमीला थांबायला सांगितलं, खिशातली शिट्टी काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

मी ओट्यावर गेलो. तीन शिट्ट्या वाजवल्या. मग खरोखरच खाली बघितलं, आळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. एक म्हातारी वाळवण राखत बसली होती, तिला हात केला, तिनं मान हलवेपर्यंत थांबलो. समोरच्या खिडकीत माझ्या क्लासच्या पोरी तोंडाला ओढणी लावून हसत होत्या. मी हात वर केला आणि भर दिवसा, माझ्या सगळ्या इज्जतीसकट, घसा फोडून ओरडलो, "नदी मोकली!"

आतून नानांचा आवाज आला, "बरोबर हाय, मास्तर. उघडतो." आणि एका बोटानं, सावकाश, एकेक अक्षर दाबल्याचं ऐकू यायला लागलं.